तेलाच्या पोटात पाणी

मैत्रिणींनो, नाशिकची थंडी पडली की भांडी घासणारे हात आधी तक्रार करतात. गेल्या पौषात बोटांना भेगा पडल्या तेव्हा म्हटलं, कोल्ड क्रीम घरीच करू. तिळाचं तेल आणि गुलाबपाणी रवीनं घुसळलं. रात्री छान दिसलं; सकाळी पाहते तो पाणी खाली, तेल वर! शहाणपणा करून चमचाभर शाम्पू घातला. मिश्रण दुधासारखं झालं खरं, पण भेगा जास्तच चिरचिरू लागल्या.

चूक काय झाली? तेल-पाण्याचं जमवायला मध्यस्थ लागतो. त्याचं डोकं पाण्याकडे ओढतं, शेपटी तेलाकडे. साधारण नियम असा, की मध्यस्थ ज्यात अधिक विरघळतो ते बाहेर राहतं आणि दुसरं थेंबाथेंबानं आत जातं. शाम्पू पाण्यात विरघळणारा, म्हणून पाणी बाहेर आलं. मला हवा होता तेलात विरघळणारा. क्रीमच्या वेष्टनावर कधी ‘सॉर्बिटन ओलिएट’ असं नाव असतं, तो त्यातलाच. साबणासारखा विद्युतभार त्याच्यावर नसतो. तेलात त्याचे कण मंगळागौरीच्या फेरासारखे जमतात: डोकी आत, शेपटे बाहेर! मधल्या जागेत पाणी सुखानं राहतं.

लोणी तरी दुसरं काय? विकतच्या लोण्यातही शंभरात सोळा भागांपर्यंत पाणी असतं, पण ते स्निग्धाच्या पोटात.

आपल्या वैद्यांचं शतधौत घृत याच जातीचं. तांब्याच्या परातीत वाटीभर साजूक तूप घ्यावं, थोडं थोडं गार पाणी घालून तळव्यानं फेसावं, सुटलेलं पाणी ओतून द्यावं. असं शंभरदा. तूप पांढरंशुभ्र, मऊ होतं. पाणी एकदम ओतू नका, घाई केली की फुटतं. लगेच काचेच्या बरणीत काढा. पाण्याचा अंश असतो, म्हणून थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि वास आला की टाकून द्या.

आणि हो, ताज्या भाजल्यावर हे किंवा कुठलंच तूप-तेल लावायचं नाही. आधी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, मग डॉक्टर.

तुमचं क्रीम कुठल्या जातीचं, हे पाहायचंय? मुगाएवढं क्रीम पेलाभर पाण्यात ढवळा. पाणी पांढरं झालं तर ते पाणी बाहेर असलेलं. गोळी तशीच तरंगली तर तेल बाहेर. रात्री भांडी आवरून झाल्यावर भेगांना लावायचं ते हे दुसरं, बरं का!