यादीवर शेवटची तारीख हवी

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि बहुतेक रुग्णालयांत नियोजित शस्त्रक्रियांच्या याद्या बाजूला पडल्या. भूलतज्ज्ञ कोविड कक्षात, परिचारिकाही तिकडेच, पीपीई किट मोजून मिळणारे. दुसरा मार्ग फारसा नव्हता. मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये कोविडसर्ज गटाचा अभ्यास आला. संसर्ग असताना शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश रुग्ण ३० दिवसांत दगावले होते. सगळेच धास्तावले. पण ते रुग्ण बहुतांशी मोठ्या वयाचे होते, आणि तातडीचे काय, थांबू शकणारे काय, ही विभागणीही मोठ्यांच्याच आजारांवरून आलेली. ती मुलांना जशीच्या तशी लावल्याने बालशल्यचिकित्सेच्या आपल्या क्षेत्राचे नुकसान झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दीड महिन्याचे एक बाळ डोळ्यांपुढे आणा. अंगावर पिते, वजन वाढते आहे, फक्त डोळे पिवळे आणि शी मातीच्या रंगाची. घरचे म्हणतात, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. एरवी लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेच्या किंवा आशाताईंच्या नजरेला हा रंग पडतो. लसीकरण सत्रेच विस्कळीत झाल्यावर तो कोण पाहणार? पित्तनलिका बंद असलेल्या अशा बाळाची कासाई शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली असते. पुढे ती घटत जाते आणि यकृत प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. हे बाळ कोणत्याही एका दिवशी ‘इमर्जन्सी’ दिसत नाही. म्हणूनच ते मागे राहते. दुपट्यावरच्या शीचा मोबाइलवर काढलेला एक फोटो इथे मोठे काम करतो, आणि त्यासाठी महासाथीची वाट पाहायची गरज नाही.

गुदद्वार नसलेल्या बाळांचे हाल वेगळे. जन्मल्यावर लगेच कोलोस्टोमी झाली, पुढचे दोन टप्पे लांबले. पिशव्या तालुक्याच्या गावात मिळेनात, एसटी बंद, जिल्ह्याबाहेर जायला पास हवा. आई जुन्या सुती साडीच्या घड्या पोटावर बांधते, तासातासाला बदलते, तरी भोवतालची कातडी सोलवटून लाल होते. घडी कशी बसवायची, झिंक ऑक्साइडचा थर किती जाड लावायचा, आतडे बाहेर घसरू लागले तर कोणत्या रंगाला घाबरायचे, हे व्हिडिओ कॉलवरही शिकवता येते. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती. पण शिकवणाऱ्या परिचारिकेचा वेळ कुणाच्याच वेळापत्रकात धरलेला नव्हता. पुढच्या वेळी तो धरलाच पाहिजे.

उशिरा आलेली फुटलेली अपेंडिक्स सर्वांनीच पाहिली. शिवाय ताप, पोटदुखी, उलट्या घेऊन आलेले मूल अपेंडिक्सचे नसून कोविडनंतरच्या बहुअवयवी दाहाचे असू शकते, हा धडा मिळाला. तो विसरू नये.

आमची मागणी साधी आहे. प्रतीक्षायादीत नावापुढे आजाराबरोबर जन्मतारीख आणि ‘या तारखेपलीकडे नको’ असा रकाना असावा. न उतरलेल्या वृषणासाठी तो दीड वर्षाच्या वयाचा असेल, तान्ह्या बाळाच्या हर्नियासाठी काही आठवड्यांचा, केमोथेरपीनंतरच्या विल्म्स ट्यूमरसाठी ठरलेल्या दिवसाचा. थिएटर अर्धेच चालू असेल, तर कोणाला आधी घ्यायचे हे ही तारीख सांगेल. ओळख किंवा फोनवरचा आग्रह नाही. तारीख जवळ आली आणि स्वतःकडे भूलतज्ज्ञ नसेल, तर मूल कुठे पाठवायचे हेही जिल्ह्याजिल्ह्याने आताच लिहून ठेवावे. सोबत दूध पाजणारी आई येणार, मग ती बाधित असो वा नसो, हे त्या कागदावर ठळक असावे.

ज्या जिल्हा रुग्णालयांत वा वैद्यकीय महाविद्यालयांत अशी यादी तयार आहे, त्यांनी रुग्णांची नावे वगळून कोरा नमुना संपादकीय मंडळाकडे पाठवावा. पुढील अंकांतून हे नमुने छापले जातील.