बाळंतिणीचा देह आणि मजुरीचा हक्क

दसऱ्याच्या सुमारास केळापूर तालुक्याच्या शेतांत कापसाची वेचणी सुरू होते. या कामाची मजुरी किलोवर मिळते. वेचलेला कापूस मजूर स्त्री कमरेला बांधलेल्या ओटीत साठवीत जाते आणि ओटी भरत जाईल तसा भार तिच्या कमरेवर व ओटीपोटावर वाढत जातो. या वेचणाऱ्यांत महिना-दोन महिन्यांपूर्वी बाळंत झालेल्या स्त्रियाही असतात. घरात दुसरी मिळकत नसल्यामुळे त्या कामावर आलेल्या असतात. बाळंतपण सुखरूप पार पडले, आई व मूल जिवंत राहिले, एवढ्यावर शासनाचे दप्तर त्यांच्यापुरते बंद झालेले असते. त्या स्त्रीच्या शरीराची झालेली हानी मात्र कोणत्याही रकान्यात नोंदली जात नाही.

ही हानी कोणती, हे प्रथम स्पष्टपणे समजून घेतले पाहिजे. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तिचाच आधार असतो. बाळ बाहेर येताना ही झोळी कमालीची ताणली जाते. कधी तिचे तंतू तुटतात, कधी तिच्या मज्जातंतूंना इजा होते. बहुसंख्य स्त्रियांत ती हळूहळू भरून येते. पुष्कळ स्त्रियांत ती अपुरी भरते, आणि मग खोकताना, शिंकताना किंवा गुंड उचलताना लघवी सुटू लागते. कंबर सतत दुखते. काहींचे अंग बाहेर येऊ लागते. शरमेपोटी स्त्री हे कोणाला सांगत नाही आणि कोणी तिला विचारीतही नाही.

हे मौन किती खोल आहे, याचा पुरावा विदर्भातच उपलब्ध आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली; तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. परंतु पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्याच जिल्ह्यात घरी बाळंत होणाऱ्या ७७२ स्त्रियांच्या पाहणीचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ४३ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या काळात काही ना काही विकार जडल्याचे आढळले. सामाजिक परिस्थिती पाहता केळापूरच्या कोलाम पोडांवर आणि गोंडांच्या वस्त्यांवर चित्र फार वेगळे असेल, असे मानण्यास काहीच आधार नाही.

या दुखण्यांपैकी बऱ्याच दुखण्यांवर एक उपाय औषधाविना व शस्त्राविना करता येतो. तो उपाय म्हणजे फिजिओथेरपी, अर्थात भौतिकोपचार. पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या आरंभी, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले. लघवी सुटण्याच्या विकारावर तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयुक्त ठरतात, हे अमेरिकेतील डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ सालीच मांडले होते. व्यायाम साधाच आहे. लघवी रोखून धरावी तसे स्नायू आत व वर ओढून धरावयाचे, काही अंक मोजून सोडावयाचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. ओझे उचलण्यापूर्वी व खोकण्यापूर्वी हेच स्नायू आवळण्याची सवय लावावयाची. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या स्त्रीला दीर्घ श्वसन आणि कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणे शिकवावयाचे. ताप, अतिरिक्त रक्तस्राव किंवा पायाला सूज व दुखणे असेल, तर मात्र व्यायाम न सांगता तिला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावयाचे.

परंतु व्यायामाचा छापील कागद वाटून हे साधणार नाही. अनेक स्त्रिया स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्याने अपायच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या शिफारशीही या बाबतीत सावध आहेत: त्रास टाळण्यासाठी म्हणून प्रत्येक बाळंतिणीला सरसकट हा व्यायाम लावण्याची शिफारस संघटना करीत नाही, ज्यांना थोडीफार लघवी सुटते त्यांना त्याचे फायदे समजावून द्यावेत, असे ती सुचविते. गरोदरपणातच शिकलेला व्यायाम अधिक उपयोगी पडतो, असेही संशोधनात दिसून आले आहे. म्हणजे विचारणे, तपासणे आणि शिकविणे ही कामे माणसाने माणसासाठी करावयाची आहेत. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकापासून प्रसूतीनंतरच्या या उपचाराचा खर्च सामाजिक विम्यातून दिला जातो. तेथे ती कामगार चळवळीने मिळविलेल्या सामाजिक सुरक्षेचा भाग आहे. आपल्याकडे तीच गोष्ट शहरातील खाजगी दवाखान्यात शुल्क भरून विकत घ्यावी लागते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. खेड्यातील स्त्री दिवसभर राबते, तिला आणखी व्यायाम कशाला, असे सुशिक्षित लोकही विचारतात. हा प्रश्न श्रम आणि व्यायाम यांतील भेद न ओळखणाऱ्याचा आहे. व्यायामात भार शरीराच्या शक्तीप्रमाणे वाढविला जातो आणि मध्ये विश्रांती असते. मजुरीत भार मालकाच्या व पोटाच्या गरजेने ठरतो. सरपणाची मोळी आणि पाण्याची गुंड पोटातील दाब वाढवितात आणि तो दाब दुखावलेल्या झोळीवरच येऊन पडतो. म्हणूनच विश्रांतीवाचून सांगितलेला व्यायाम ही निव्वळ थट्टा ठरते.

विश्रांतीचा प्रश्न अखेर मजुरीचा प्रश्न आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. तीच तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. परंतु शेतमजूर स्त्री तेव्हाही या रजेबाहेर होती आणि आजही आहे. तिच्या वाट्याला येते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. हेच ५,००० रुपये २६ आठवड्यांवर पसरले, तर दिवसाला सुमारे २७ रुपये पडतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला असता, योजनेने तो अपत्यांच्या क्रमावर आणि मुलीच्या जन्मावर टांगून ठेवला.

उपेक्षेचा शेवट कोठे होतो, हे बीड जिल्ह्याने दाखविले आहे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. प्रत्येकीचे कारण एकच नव्हते. पण जेथे दुखण्याला विश्रांती नाही, साधी तपासणी नाही आणि एक दिवसाचा खाडा परवडत नाही, तेथे अवयव कापून टाकणे हाच स्वस्त उपाय म्हणून पुढे केला जातो, हे त्यातून उघड झाले.

केळापुरात करावयाचे काम त्यामुळे नेमके आहे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आशा सेविका सहा वेळा घरी जाते. घरीच प्रसूती झाली असेल तर सात वेळा. ही भेट मुख्यतः नवजात बालकासाठी आखलेली आहे. त्याच भेटीत आईला तीन प्रश्न विचारले जावेत: लघवी सुटते काय, अंग खाली उतरल्यासारखे वाटते काय, आणि कामावर कधी गेलीस. आशा सेविकांना त्यासाठी प्रशिक्षण व वाढीव मोबदला मिळावा. फुकटच्या कामाचा आणखी एक बोजा त्यांच्यावर नको. कोलामी व गोंडी बोलणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या भाषेत शिकविले जावे. पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बाळंतिणींसाठी भौतिकोपचाराची काय व्यवस्था आहे, हे कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन पाहावे. नसेल तर आठवड्याचे ठरावीक दिवस मागून घ्यावेत, असेल तर ती पोडापर्यंत पोहोचते की नाही हे तपासावे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही पांढरकवड्यातच आहे. त्याच्या दारातही हा प्रश्न नेला पाहिजे.

त्याबरोबरच, प्रत्येक प्रसूतीला २६ आठवड्यांची किमान वेतनाइतकी मजुरी ही मागणी शेतमजूर संघटनांच्या मागणीपत्रकात वरच्या क्रमांकावर आली पाहिजे. आजवर ती स्त्रियांची बाब म्हणून तळाशी ढकलली जात आली आहे. हमीभावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या चळवळीने हेही ध्यानात घ्यावे की, ज्या कापसाला भाव मागावयाचा तो या स्त्रियांच्या कमरेवरूनच बाजारात जातो. पुढच्या वेचणीपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील गेल्या वर्षभरातील बाळंतिणींची यादी करावी आणि त्यांपैकी किती जणी सहा आठवड्यांच्या आत शेतात गेल्या, हे नोंदवावे. मागणीपत्रकाबरोबर ही यादी तहसील कार्यालयात सादर झाली, म्हणजे हा प्रश्न घरातल्या शरमेतून बाहेर पडून चळवळीच्या हाती येईल.