आबांच्या ओढ्यावरची मरळ

हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आणि हा माणूस मासे धरायला गेला, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. रविवार होता, कोजागरी नुकतीच झाली होती आणि आबांचे बोलावणे तीन वर्षांपासूनचे होते.

करमाळा तालुक्यात सीनेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आबांची पाच एकर जमीन आहे. दसऱ्यानंतर ओढ्याची धार बारीक होते, गाळ खाली बसतो आणि डोहातले पाणी नितळ होते. मला पाहताच आबा म्हणाले, "सायेब, पंप न्हाई ना आणला?" त्यामागची हकिकत पुढे सांगतो.

करंजाच्या सावलीत बसलो. गळ साधाच. वेळूची काठी, नायलॉनची दोरी, तरंगायला ज्वारीच्या ताटाचा तुकडा आणि आमिषाला गांडूळ. तासाभरात मला दोन बोटभर मासे लागले. आबांनी ते हसत पाण्याच्या डब्यात टाकले. मरळीला तेच आमिष.

मरळ माशाचे नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला तिला वर यावे लागते. लव्हाळ्याच्या कडेला 'टपक्' वाजले की ती तिथेच आहे असे समजायचे, गळ सोडायचा आणि गप्प बसायचे. पावसाळ्यात मात्र आबा गळाला हात लावत नाहीत. तेव्हा तिच्या तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर फिरतो आणि मोठी मरळ खाली राखणीला असते. ती धरली की पिल्ले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

आता ती हकिकत. याच डोहाशेजारी १९९८ साली मी घाटे अळीच्या फवारणीचे प्रात्यक्षिक घेतले होते. औषध एन्डोसल्फान. नोकरी नवी, आवाज मोठा. काम झाल्यावर पंप ओढ्यातच विसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोहावर माशांची पांढरी पोटे तरंगत होती. आबा चारचौघांत काही बोलले नाहीत. बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, "सायेब, गुरं हितंच पाणी पित्यात." आजही त्या डोहाकडे बघताना मान खाली जाते.

एन्डोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पण सायपरमेथ्रीनसारखी औषधेही माशांना फार विषारी आहेत, आणि छोट्या डोहाला थोडे विसळपाणीही पुरते. तेव्हा पंप ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नका. पाणी बादलीने शेतात न्या, पंप तीनदा विसळा आणि ते पाणी फवारलेल्या पिकावरच मारा. बाटली विसळलेले पाणी पंपातच घ्या. डोहात औषध ओतून मासे मारणारे महाभागही असतात. त्यांनी फुकट दिला तरी तो मासा घरात आणू नका, कोंबड्यांनाही घालू नका.

दुपार कलली तेव्हा लव्हाळ्याशी 'टपक्' झाले. ताटाचा तुकडा हलला, थांबला आणि खाली गेला. मी ओढणार तोच आबांनी मनगट धरले. "गिळू द्या तिला." मग काठी अशी वाकली की मी उठून उभाच राहिलो. किलोभराची मरळ होती. ओल्या पोत्यात घालून घरी नेली, तेव्हाही ती जिवंत होती. वहिनींनी कालवण केले आणि भाकरी मोजायचे मी सोडून दिले.