शाळा पाडून स्मारक कसलं?
पुण्यातल्या भिडे वाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. खटला वर्षानुवर्षे चालला, वाडा मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. कशासाठी? स्मारकासाठी! माझं म्हणणं सरळ आहे: वास्तू गेली की पुरावा जातो. फातिमा शेख खरंच होत्या का, असं आज आपल्यालाच विचारतात. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. पत्र टिकलं म्हणून उत्तर देता येतं. दोस्तांनो, तुमच्या मोहल्ल्यातली जाड भिंतींची, कौलारू उर्दू किंवा मराठी शाळा ‘धोकादायक’ ठरण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्या. जयंतीची पोस्ट नंतर टाका.