पत्र्यावरून हात फिरवा
३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने अलिबाग तालुक्यातली कौलं उडवली आणि नागावच्या वाड्यांमधल्या अनेक घरांवर रंगीत पत्रे चढले. कौलं चाळली, फुटकी बदलली की भागायचं. पत्र्याला मात्र खारा वारा खातो. त्याला रंगाची वेळ झाली का, हे अंगणात उभं राहून कळत नाही. रंग नुसता फिका पडला तर घाबरू नका, ते उन्हाचं काम. शिडी लावून कोरड्या पत्र्यावरून तळहात फिरवा. पांढुरकी पूड लागली तर रंग मरायला लागलाय. मग बोल्टांभोवती, पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडाखाली आणि पागोळ्या पडतात त्या कडेला बघा. कापलेल्या कडेवर आणि भोकाच्या काठावर जस्ताचं कवच नसतं, म्हणून गंज तिथेच आधी धरतो. (माडाची झावळी पडून ओरखडा गेला असेल तर तिथेही.) तांबूस डाग तारेच्या ब्रशने घासा, गोड्या पाण्याने मीठ धुवा, वाळू द्या, प्रायमर मारा, मगच रंग. मीठ राहिलं तर महागातला रंगही फुगून सुटतो. आपल्याकडे हे सगळं आठवतं मेअखेरीस, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं, रंगारी मिळत नाही आणि चटके देणाऱ्या पत्र्यावर रंग धड बसतही नाही. दिवाळीनंतर, थंडीतच काम काढा. आणि अंगठ्याने दाबल्यावर पत्रा दबत असेल, तर रंगाचा डबा आणूच नका. तो पत्राच बदलायला हवा.