विश्लेषण : जालन्याच्या मालगाडीला ‘परक्या’ रेल्वेचे इंजिन कसे?

जालना स्थानक दक्षिण मध्य रेल्वेचे, विभाग नांदेडचा. तरीही येथून जाणाऱ्या मालगाडीच्या इंजिनावर भुसावळ, अजनी, भिलाई किंवा इटारसी असे नाव वाचायला मिळू शकते. रेल्वेप्रेमी तरुण अशा इंजिनांचे फोटो मोबाइलवर टिपतात, क्रमांक लिहून ठेवतात. इतरांना हा निव्वळ छंद वाटतो. पण या नावांत जालन्याच्या उद्योगाशी आणि मराठवाड्याच्या रेल्वेमार्गाशी थेट संबंध असलेली माहिती दडलेली असते. ती वाचायची कशी आणि ती नेमके काय सांगते?

इंजिनावरील अक्षरे काय सांगतात?

मालगाडीच्या विद्युत इंजिनावर ‘डब्ल्यूएजी-९’ असे काहीतरी लिहिलेले असते. त्यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘ए’ म्हणजे एसी विजेवर चालणारे आणि ‘जी’ म्हणजे गुड्स, मालवाहतुकीचे. ‘ए’च्या जागी ‘डी’ असेल तर इंजिन डिझेलचे. शेवटी ‘जी’ऐवजी ‘पी’ असेल तर ते प्रवासी गाडीसाठी बनवलेले. त्यापुढचा आकडा मालिकेचा.

शेजारी पाच आकडी क्रमांक असतो. ३१ हजारांपासून सुरू होणारे क्रमांक डब्ल्यूएजी-९चे. याची ताकद सुमारे सहा हजार अश्वशक्ती. क्रमांक ६० हजारांत असेल आणि दोन इंजिने जोडल्यासारखे लांबलचक धूड दिसले, तर ते बिहारमधील मधेपुरा कारखान्यात बनलेले डब्ल्यूएजी-१२. त्याची ताकद बारा हजार अश्वशक्ती.

तिसरी आणि छंदिष्टांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे शेडचे नाव. काझीपेठ किंवा लालागुडा असेल तर इंजिन दक्षिण मध्य रेल्वेचे, म्हणजे ‘घरचे’. भुसावळ, अजनी, कल्याण ही मध्य रेल्वेची. भिलाई दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची, इटारसी पश्चिम मध्य रेल्वेची, वडोदरा आणि वलसाड पश्चिम रेल्वेची. काही वेळा नाव चकवतेही. तुघलकाबाद शेड दिल्लीत आहे, पण ती आहे पश्चिम मध्य रेल्वेची.

मग हे इंजिन जालन्यात येते कसे?

शेड म्हणजे इंजिनाचे माहेर. तिथे त्याची नोंद असते, ठराविक दिवसांनी तपासणी आणि मोठी दुरुस्ती होते. पण दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मालगाडीचे इंजिन कुठे जाईल, हे शेड ठरवत नाही. प्रवासी गाड्यांच्या इंजिनांचे वेळापत्रक बरेचसे बांधलेले असते. मालगाडीचे तसे नसते. माल कुठून कुठे जायचा, यावर इंजिनाचा प्रवास ठरतो. प्रत्येक विभागाच्या नियंत्रण कक्षात ‘पॉवर कंट्रोलर’ असतो. कोणते इंजिन मोकळे आहे, कोणत्या रेकला लावायचे आणि कोणाची तपासणी जवळ आली आहे, याचा हिशेब तो ठेवतो. देशभरातील रेक आणि इंजिनांची नोंद रेल्वेच्या मालवाहतूक संगणक प्रणालीत होत असते.

समजा, छत्तीसगडहून एक रेक भिलाईच्या इंजिनासह मराठवाड्यात आला. माल उतरला, रेक रिकामा झाला. पण त्या इंजिनाला लगेच माघारी पाठवण्याची गरज नाही. त्याला वेगळा रेक लावून मनमाडकडे पाठवता येते. तिथून ते मुंबईकडे, गुजरातकडे कुठेही जाऊ शकते. तपासणीची तारीख जवळ आली की त्याला हळूहळू माहेरच्या दिशेने जाणारे काम दिले जाते. रिकामे इंजिन एकटे पळवणे म्हणजे वीज, रूळ आणि चालक या तिन्हींचा अपव्यय. म्हणून ही वाट वाकडी करून केलेली घरवापसी.

चालक मात्र बदलतो. लोको पायलटला ज्या मार्गाची माहिती आहे, त्याच मार्गावर तो गाडी चालवतो. त्यामुळे इंजिन भिलाईचे असले तरी जालन्यातून ते नेणारा माणूस बहुधा याच भागातील असतो.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच का?

नाही. अमेरिकेत बीएनएसएफ, युनियन पॅसिफिक, सीएसएक्स या स्वतंत्र खासगी कंपन्या आहेत. तिथे एका कंपनीचे इंजिन दुसरीच्या रुळांवर गेले, तर किती ताकदीचे इंजिन किती तास वापरले याचा हिशेब ठेवून परतफेड केली जाते. म्हणूनच तिथल्या छंदिष्टांना दुसऱ्या कंपनीच्या रंगातले इंजिन दिसले की आनंद होतो. भारतात सगळी रेल्वे एकाच मालकाची, म्हणजे केंद्र सरकारची. मध्य, दक्षिण मध्य ही नावे कारभाराच्या सोयीसाठी. त्यामुळे इथे ‘परके’ इंजिन हा शब्दच तसा फसवा आहे.

जालन्याच्या मार्गाचा इतिहास याचा उत्तम दाखला. मनमाड-हैदराबाद हा मीटरगेज मार्ग निजामाच्या राजवटीतला. निजाम स्टेट रेल्वे १९५१मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर हा मार्ग तिच्याकडे गेला. २००३मध्ये नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला. मार्ग तोच राहिला, पाट्या बदलत गेल्या. आज भुसावळचे इंजिन जालन्यात ‘पाहुणे’ मानले जाते; साठ वर्षांपूर्वी भुसावळ आणि जालना एकाच मध्य रेल्वेत होते.

पूर्वी अशी इंजिने का दिसत नव्हती?

मीटरगेजच्या काळात ते शक्यच नव्हते. रुळांची रुंदी वेगळी असल्याने मनमाडला माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. इंजिन पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाले आणि वाघिणी सरळ येऊ लागल्या. पण मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या. मुंबई-भुसावळ मार्गावरून आलेल्या विद्युत इंजिनाला मनमाडलाच थांबावे लागे आणि पुढे डिझेल इंजिन जोडले जाई. देशातील विद्युत इंजिनांचा मोठा ताफा मराठवाड्याच्या उंबरठ्यावरून परत फिरत होता.

विद्युतीकरणाने हे चित्र बदलले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हा सर्वांचे लक्ष त्या पांढऱ्या गाडीकडे होते. मात्र जी विजेची तार वंदे भारतला जालन्यापर्यंत घेऊन आली, तीच तार भिलाई आणि इटारसीच्या इंजिनांनाही घेऊन येऊ शकते. मालवाहतुकीच्या दृष्टीने त्या दिवसांतला खरा बदल हा होता. इंजिन बदलण्यासाठी लागणारा वेळ वाचला आणि देशाच्या एकत्रित ताफ्यातील इंजिन जालन्याच्या मालालाही उपलब्ध झाले.

जालन्याला याचा उपयोग काय?

जालना हे सळईचे आणि बियाण्यांचे गाव. पोलाद कारखान्यांना भंगार आणि कच्चा माल बाहेरून लागतो, तयार सळई बाहेर जाते. शेतीला खत लागते, बांधकामाला सिमेंट. अवजड मालासाठी रेल्वे हा सर्वांत स्वाभाविक पर्याय. लांब पल्ल्याची शक्यता जालन्याने पाहिलेलीही आहे. जानेवारी २०२२मध्ये येथून आसाममधील जोरहाटसाठी किसान रेल रवाना झाली होती. मराठवाड्यातून थेट ईशान्य भारतात माल जातो, तेव्हा त्या गाडीसाठी ‘आपले’ आणि ‘परके’ इंजिन असा भेद करून चालत नाही.

पण यालाच दुसरी बाजू आहे. इंजिन कितीही ताकदवान असले तरी रूळ मोकळा नसेल तर ते उभेच राहते. या मार्गावर एकेरी रुळाचा टप्पा मोठा. समोरून एक्स्प्रेस येत असेल, तर मालगाडी बाजूच्या मार्गिकेवर थांबते. सहा हजार अश्वशक्तीचे इंजिन बदनापूर किंवा परतूरला सिग्नलची वाट पाहत उभे असते, तेव्हा छंदिष्टाला निवांत फोटो मिळतो आणि उद्योजकाला उशिरा माल. अंकाई-छत्रपती संभाजीनगर दुहेरीकरण आणि जुलै २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले छत्रपती संभाजीनगर-परभणी हे १७७ किलोमीटरचे दुहेरीकरण म्हणूनच नव्या प्रवासी गाडीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे आहे. ऑगस्ट २०२४मध्ये मंजूर झालेला १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव मार्ग पूर्ण झाला, तर जालना हे केवळ वाटेवरचे स्थानक राहणार नाही. भुसावळकडील इंजिनांना मनमाडचा वळसा न घालता थेट येता येईल.

ड्रायपोर्टचीही तीच गोष्ट. दरेगाव-जवसगाव परिसरातील या प्रकल्पाचे भूमिपूजन डिसेंबर २०१५मध्ये झाले. त्याला दहा वर्षे होऊन गेली. कंटेनरच्या गाड्या तिथून नियमित धावू लागल्या, तर इंजिनांवर आणखी वेगवेगळी नावे दिसतील. त्या नावांची संख्या हीच प्रकल्पाच्या यशाची साधी, कोणालाही मोजता येणारी खूण ठरेल.

इंजिनावर ‘जालना’ किंवा ‘नांदेड’ का नसते?

कारण मराठवाड्यात विद्युत इंजिनांची मोठी शेड नाही. मीटरगेजच्या काळात पूर्णा हे इंजिनांचे ठाणे होते. लातूरला कोच फॅक्टरी आली, पण ती डब्यांची. इंजिनाच्या देखभालीतून कायम रोजगार, तंत्रकुशल कामगार आणि सुट्या भागांचा व्यवसाय उभा राहतो. दाहोदला बनणाऱ्या नऊ हजार अश्वशक्तीच्या नव्या इंजिनांच्या देखभालीसाठी ज्या चार ठिकाणांची निवड झाली, त्यात महाराष्ट्रातून पुणे आहे. पाहुण्या इंजिनांचे स्वागत करतानाच, आपल्या भागाचे नाव इतर राज्यांत फिरणाऱ्या इंजिनावर कधी लागणार, हा प्रश्न मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींना विचारला गेला पाहिजे. नव्या गाडीच्या हिरव्या झेंड्यासाठी जेवढा पाठपुरावा होतो, तेवढा शेडसाठी होताना दिसत नाही.

छंद जोपासताना कोणती काळजी घ्यावी?

विद्युतीकरणानंतर मार्गावरील तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो. उभ्या वाघिणीवर चढून फोटो काढणे जिवावर बेतू शकते. तारेला प्रत्यक्ष हात लागण्याचीही गरज नसते. रुळांत विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तिकीट काढून फलाटावरून किंवा पादचारी पुलावरून पाहिले तरी शेडचे नाव आणि क्रमांक स्पष्ट वाचता येतो. कर्मचाऱ्यांनी मनाई केली तर मोबाइल खिशात ठेवावा.

क्रमांक, शेड, दिशा, वेळ आणि रेकमध्ये काय होते, एवढ्या पाच गोष्टी वहीत नोंदवल्या तरी वर्षभरात जिल्ह्याच्या मालवाहतुकीचे एक चित्र तयार होते. कोणत्या महिन्यात खताच्या गाड्या आल्या, कंटेनर किती गेले, कोणती गाडी किती वेळ अडकून पडली, हे त्यातून कळते. रेल्वेकडे मागणी करताना भाषणापेक्षा अशी नोंद अधिक कामी येते. महाविद्यालयांच्या भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना हा प्रकल्प द्यायला हरकत नाही.

वंदे भारतचे वेळापत्रक जालनेकरांना पाठ असते. जिल्ह्याचा रोजगार ज्या मालावर चालतो, तो ओढणाऱ्या इंजिनाकडेही तेवढ्याच आपुलकीने पाहायला हवे.