प्रेक्षक आहे हो, शो कुठाय?

मराठी सिनेमा पडला की एक वाक्य ठरलेलं असतं : "प्रेक्षकच थेटरात येत नाही." म्हणजे गुन्हेगार कोण, तर तुम्ही-आम्ही. हिवरे बाजारचा, पाथर्डीचा, जामखेडचा माणूस. मंडळी, आज या आरोपाचा जरा हिशोब करू.

२८ एप्रिल २०२३ आठवा. एकाच दिवशी 'महाराष्ट्र शाहीर', मणिरत्नमचा 'पोन्नियिन सेल्वन २' आणि भाऊराव कऱ्हाडेंचा 'टीडीएम' लागला. भाऊराव आपल्याच श्रीगोंदा तालुक्यातले. 'ख्वाडा'साठी जमीन विकणारा हा माणूस. मेंढरं, पाल, आपली बोली जशीच्या तशी पडद्यावर आणली आणि राष्ट्रीय पुरस्कारही आणला. 'टीडीएम'च्या वाट्याला काय आलं? मोजके शो, तेही अडनिड्या वेळी. नवखी पोरं कॅमेऱ्यासमोर रडली. सिनेमा थांबवून जूनमध्ये पुन्हा लावावा लागला. आता सांगा, यात प्रेक्षक कुठं चुकला?

सरकारचंही ऐका. २०१५ मध्ये मराठीला मल्टिप्लेक्सात संध्याकाळी ६ ते ९ ची वेळ देण्याची घोषणा झाली. ओरड झाली आणि प्राईम टाईमची व्याख्याच ताणली : दुपारी १२ ते रात्री ९! दुपारी बाराला आपला माणूस कांद्यात असतो. धारा काढून, डेअरीला दूध घालून तो मोकळा होतो तेव्हा अंधार पडलेला असतो. त्याला बाराचा शो द्यायचा आणि वर म्हणायचं, आला नाही!

कुणी म्हणेल, "चांगला असला की चालतोच, 'सैराट' बघा." बघितलाय. पण त्यामागं झी स्टुडिओज होतं, अजय-अतुलची गाणी आधीच गावोगाव वाजत होती. ज्याच्यामागं मोठं घर नाही, त्याचा सिनेमा तोंडातोंडी पसरायला आठवडा तरी लागतो. तो शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला, तर पसरणार कधी?

आता थोडं आपल्या ग्रुपांबद्दल. पारावर, व्हॉट्सॲपवर सिनेमाची चर्चा जोरात असते, पण कशाची? अमक्यानं इतके कोटी कमावले, तमक्याचा हिरो मोठा. अरे, ते कोटी तुझ्या खात्यात येणारेत का? गोष्ट कशी होती, बोली खरी होती का, गाणं कुठं उगाच घुसवलं, यावर बोला की! आणि पिक्चर फुकट डाउनलोड करून "बकवास" लिहिणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, शिव्या घाला, हक्कानं घाला, पण तिकीट काढून घाला. वाईट सिनेमाला वाईट म्हणणं हे प्रेक्षकाचं कामच आहे. गावाकडचा आहे म्हणून कुणाला सूट नको.

हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, पाणी किती उरलं, हे सगळ्या गावासमोर येतं आणि मग पिकं ठरतात. तिथं कुणी हवेत बोलत नाही. तोच नियम थेटराला लावा. मराठी सिनेमाला किती शो दिले, कुठल्या वेळेला दिले, किती खुर्च्या भरल्या, हे आकडे समोर ठेवा. संध्याकाळचा शो पूर्ण आठवडा द्या. तरीही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर प्रेक्षकाला खुशाल दोष द्या.

तोवर काम आपलं. पुढचा मराठी सिनेमा लागला की नगरच्या थेटरांतल्या त्याच्या शोच्या वेळा खाली कमेंटमध्ये टाका. संध्याकाळचा शो नसेल तर थेटरवाल्याला फोन करून विचारा. एकानं विचारलं तर तो हसेल. पन्नास जणांनी विचारलं तर शो लावेल.